केरबाचं दुसरं नाव

आमच्या जावयाला एक खोड आहे. कुणी रडायला लागलं, तर तो उठून तांब्याभर पाणी देत नाही, बघत बसतो. माझी सासू गेली तेव्हा सगळं घर ऊर बडवत होतं आणि हा बाबा खांबाला टेकून उभा. मला वाटलं, गरीब आहे, भेदरला असेल. पुढच्या साली कुठल्याशा अंकात त्याची गोष्ट छापून आली. तिच्यात म्हातारीच्या हातातल्या पाटल्या निघेनात म्हणून साबण लावून काढणारी थोरली सून होती. ती थोरली सून मी. साबणसुद्धा आमचाच, धुण्याचा. मी त्याला विचारलं, "जावईबापू, आमी रडत हुतो तवा तुमी काय आमचं सामान मोजत हुता व्हय?" तो नुसता हसला.

तर ह्याचं नाव सयाजी. सांगलीत हळदीच्या अडतीवर कारकून. बोटं बारा महिने पिवळी. विडीकाडी नाही, पत्ते नाहीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पहाटे उठून, पाट मांडीवर घेऊन लिहायचं आणि मग अडतीवर जायचं, एवढाच नाद. आमची अंजना एकुलती एक. लोकांचे जावई गुत्त्यात सापडतात, आमचा कागदात सापडला, म्हणून मी सुखात होते.

कागद तपासून घ्यायला तो साताऱ्याला जायचा, निकम मास्तरांकडं. मास्तर नावापुरते, शाळा सोडून त्यांनी छापखाना घातला होता. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापून जे उरेल त्यातनं वर्षाकाठी एखादी कादंबरी काढायचे. आमचं गाव कराडच्या खाली, वाटेवरच, म्हणून जावई परतताना आमच्याकडं जेवायला उतरायचा. जेवताना मास्तरांच्या शाळेतला सगळा धडा आम्हाला ऐकवायचा.

"मामी, मास्तर म्हणाले पहिली चार पानं काढून टाका. गोष्ट पाचव्या पानावर सुरू होते."

आमचे मालक, लालासाहेब, मिल्ट्रीतनं हवालदार होऊन आलेले. ते भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मग पाचव्यापासनंच लिवायचं. चार पानाची रपेट कशापायी?"

"ती चार लिहिल्याशिवाय पाचवं सापडत नाही, मामा."

मास्तरांचं आणखी एक सांगणं होतं. माणूस रडलं असं लिहायचं नाही. रडू येत असताना त्यानं हातातलं काम कसं उरकलं ते लिहायचं, रडणं वाचणाऱ्यावर सोडायचं. मी म्हटलं, "म्हंजी तेबी काम दुसऱ्याच्याच गळ्यात." लिहून झालं की मोठ्यानं वाचायचं, जिथं जीभ अडखळेल तिथं काहीतरी खोटं आहे असं समजायचं. हे मात्र मला पटलं. गावातल्या निम्म्या लोकांना ते लावून बघायला पाहिजे.

आता केरबाचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरनंच झालं.

अंजनाची पहिली पोरगी पाळण्यातच गेली. दुसरा मुलगा रांगायला लागला होता, तो घटसर्पानं गेला. घसा बंद झाला, टांगा करून मिरजेला न्यायला निघाले, तो वाटेतच आटोपला. तिसऱ्या खेपेला बाळंतपण माझ्याकडं होतं. मी ठरवलं, आता शहाणपणा पुरे. आमच्याकडं ज्या बाईची पोरं जगत नाहीत, तिचं पोर जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवतात. शेजारच्या रंगुबाईनं त्याला तिथनं सुपात उचललं, दारात येऊन म्हणाली, "बया, मला उकिरड्यावर घावलंय, कुणाला पायजे का?" मी सूपभर जोंधळे घालून ते विकत घेतलं. केरात घावला म्हणून केरबा. टाकून दिलेल्या वस्तूवर कुणी डोळा ठेवत नाही, तसा यमानंही ठेवू नये, एवढाच त्यातला अर्थ.

खरं नाव बारशाला आत्यानं, म्हणजे सयाजीच्या बहिणीनं, हरणाबाईनं, कानात सांगितलं. आत्या, आई, बाप आणि मी, एवढ्यांनाच ते ठाऊक. लालासाहेबांनीसुद्धा विचारलं नाही. "सिक्रेट हाय तर सिक्रेट," म्हणाले. पाच वर्षं पुरी झाली की जावळ काढायचं, गाव जेवायला घालायचं आणि मग नाव उघड करायचं, असं बोललेलं. नाव सयाजीनंच शोधलं होतं. लय गोड नाव. इथं मी ते लिहिणार नाही.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली, दिवाळीच्या तोंडावर, सयाजीची कादंबरी निघाली. जाड पुठ्ठ्याची, वर टांग्याचं चित्र. मी गावात पेढे वाटले. अंजना केरबाला घेऊन दिवाळीला आली; त्याची पाच वर्षं अजून पुरी व्हायची होती. अडतीवर वहीपूजन, म्हणून सयाजी पाडवा झाल्यावर यायचा होता. पुस्तक अंजनानंही वाचलेलं नव्हतं. "छापून आल्यावर सगळ्यांच्या संगं ऐक," असं तो तिला म्हणाला होता. मग मीच शाळेतल्या आप्पासो गुरुजींना निरोप धाडला, सोप्यात जाजम घातलं, आणि दुपारचं वाचन सुरू केलं. बाया आल्या, बाप्ये आले. गुरुजी नाटकात काम केलेले, आवाज बदलून वाचायचे.

पहिल्या दिवशी सगळे पोट धरून हसले. त्यात एक चिकट दुकानदार होता; तराजूला फुंकर घालून मग साखर तोलायचा. आमच्या गावचा नाथाजी दुकानदार डिट्टो तसाच. सगळ्यांत मोठ्यानं नाथाजीच हसत होता. "असली माणसं असत्यात बगा," म्हणाला.

तिसऱ्या दुपारी अंजना माझ्याजवळ बसून शेंगा फोडत होती. केरबा अंगणात फोलपाटांचा ढीग करून त्यात बैल बांधायचा खेळ खेळत होता. गोष्टीतलं पोर आजारी पडलं. तोवर त्याला सगळे नुसतं 'बाळ' म्हणत होते. बाप त्याला उचलून टांग्यात घेतो, घोड्याच्या गळ्यातले घुंगरू काढून ठेवायला सांगतो, आणि पहिल्यांदा त्याला नावानं हाक मारतो.

गुरुजींनी ते नाव वाचलं.

अंजनाच्या बोटात शेंग तशीच राहिली. मी तिच्याकडं बघितलं नाही. मला वाटलं, मी बघितलं नाही तर ते वाचलं गेलंच नाही असं होईल. गुरुजी पुढं वाचत राहिले. वाटेत दर मैलाच्या दगडाला बाप पोराला हाक मारतो आणि पोर हुंकार देतं. पुन्हा दगड, पुन्हा नाव, पुन्हा हुंकार. मग एक दगड येतो. बाप हाक मारत नाही. गाडीवाल्याला म्हणतो, "घुंगरू बांधा आता." एवढंच. सोप्यातल्या बाया पदर तोंडात धरून हुंदके द्यायला लागल्या. लालासाहेब उठून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

अंजना म्हणाली, "गुरुजी, म्होरं वाचू नगा. ते माज्या पोराचं नाव हाय."

कुणाला काही कळेना. रंगुबाईनं विचारलं, "कुठल्या पोराचं गं? गेलेल्याचं?"

"न्हाई. केरबाचं."

सगळ्यांनी अंगणाकडं बघितलं. केरबा फोलपाटाच्या बैलाला पाणी पाजत होता.

त्यानंतर आमच्या घरात जे चाललं ते चाललं. अंजना आदळआपट करत नव्हती. भाकरी थापायची, पाणी भरायची. फक्त दिवसातनं कितीदा तरी केरबाला धरून उजेडात न्यायची आणि चमच्याच्या दांडीनं जीभ दाबून घसा बघायची. पुढं पुढं असं झालं, की आई समोर आली की पोर आपणहून आ करायचं. खेळता खेळता थांबायचं, आ करायचं, पुन्हा खेळायचं. गल्लीतली पोरं तर पोरंच. त्यांनी त्याला त्या नावानं हाका मारायला सुरुवात केली. एकानं विचारलं, "तू पुस्तकात मेलास न्हवं रं?" केरबा घरात येऊन मला म्हणाला, "आजी, पुस्तक कुटं हाय? मला तितनं काडा."

रंगुबाई एक दिवस सूप घेऊन आली आणि दारातच बसली. "बनुबाई, मी ह्येला उचलला तवा देवाला खोटं सांगितलं. आता देवाला खरं कळलं. आता पुन्यांदा काय सांगू?"

"यमाला वाचता येत न्हाई," मी म्हटलं. "घरला जा."

मी बोलले तसं, आणि मला तसंच वाटतं. पण अंजनाला तसं वाटत नव्हतं. आणि मी रिकाम्या वेळेत चष्मा लावून, बोट फिरवत ते पुस्तक वाचायला घेतलं, तेव्हा मलाही त्या पानाच्या पुढं जाववेना.

पाडव्यानंतर सयाजी आला. अंजना माजघरातनं बाहेर आली नाही. तो सोप्यात बसला, चहा प्याला, आणि मी वाचनाच्या दुपारचं सांगितल्यावर मला म्हणाला, "मामी, गोष्टीला ते गरजेचं होतं." मी त्याच्यापुढं जेवणाचं ताट ठेवलं नाही. संध्याकाळच्या एसटीनं तो एकटा सांगलीला गेला. नंतर अंजनानं निरोप धाडला, येणार नाही म्हणून.

ल्येक घरात ठेवून घेणं सोपं नसतं. लोक पहिले चार दिवस "राहू द्या की" म्हणतात आणि मग "अजून हायच का" म्हणतात. ह्याची तड लावावी म्हणून मी साताऱ्याला निघाले. लालासाहेब म्हणाले, "मी येतो." मी म्हटलं, "तुमी तितं सलाम ठोकाल. मी एकलीच जाते."

निकम मास्तरांचा छापखाना राजवाड्याच्या मागच्या बोळात. आत दोन माणसं अक्षरांचे खिळे जुळवत उभी होती, शाईचा उग्र वास होता. मास्तर वाळकेसे, डोक्याला मफलर. माझं नाव सांगितल्यावर त्यांनी स्वतः खुर्ची पुसली.

मी म्हटलं, "मास्तर, त्या पोराच्या नावावर कागद चिकटवा. समद्या पुस्तकांत."

"बाई, निम्म्याच्या वर पुस्तकं गेली. वाचनालयांनी नेली, कोल्हापूरला गेली. आता कुठं कुठं चिकटवू?" मग त्यांनी विचारलं, "त्या नावात काय आहे?"

मी सांगितलं. उकिरडा, सूप, रंगुबाई, सगळं. मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मागं यंत्राचा खटक खटक आवाज चालू होता, तो त्यांनी बंद करायला लावला.

"सयाजीरावांनी आधी लिहून आणलं त्यात ते मूल जगत होतं," ते म्हणाले. "मिरजेला पोचतात, डॉक्टर सुई टोचतो, मूल डोळे उघडतं. मी म्हटलं, हे खोटं आहे. मूल जगतं ते तुम्हाला भीती वाटते म्हणून. मागच्या सगळ्या पानांनी त्याला मारलेलंच आहे."

"आन् नाव?"

"नाव बाळू होतं. मी म्हटलं, बाळू लिहिताना तुमचा हात कापत नाही, ते दिसतं. जे नाव लिहिताना हात कापेल ते घाला. मग ते पुष्कळ दिवस आले नाहीत. आले तेव्हा दाढी वाढलेली, ताप येऊन गेल्यासारखे. पानं दिली. मी वाचली आणि विचारलं, हे नाव कुणाचं? म्हणाले, कुणाचं नाही."

"असं म्हणाला?"

"असं म्हणाले."

मी पदर सावरला. "मास्तर, तुमी गोष्टीचं वैद्य हायसा. पर नाडी बगायच्या आदी ही कुणाच्या घरची नाडी हाय ते इचारावं."

"विचारलं होतं, बाई." त्यांचा आवाज खाली गेला. "पुस्तक चांगलं झालंय, हेही मला तुमच्यासमोर खोटं बोलता येणार नाही."

"ठावं हाय मला. वाचलंय मी."

उठताना त्यांनी सांगितलं, की दुसरी आवृत्ती काढायची आहे, जुळवलेले खिळे अजून सुटे केलेले नाहीत. नाव बदलायला एक दुपार पुरे. पण पुस्तक ज्याचं, त्यानं म्हटलं पाहिजे. "त्यांनी एक शब्द सांगितला तर मी बदलतो. माझी हरकत नाही. मी त्यांना आजच तसं कळवतो."

घरी येऊन मी अंजनाला सगळं सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. बराच वेळ लाकूड आत सारत राहिली. मग म्हणाली, "आये, त्यांनी ते लिवलं तवा ह्यो त्यांच्या शेजारी झोपला हुता. मी उटून बगायची, तर पाटावर कागद आन् एक हात ह्येच्या पाठीवर. मला वाटायचं, किती जीव हाय."

"जीव हायच की," मी म्हटलं.

"हाय. म्हनूनच मला त्येंच्या शेजारी निजवत न्हाई." मग म्हणाली, "नाव काडलं तर जाईन. पोराला सांगता यील, तुज्या बापानं तुला तितनं काडला."

म्हणजे आता सगळं सयाजीच्या एका शब्दावर येऊन थांबलं. मला वाटलं, सुटलं. एक शब्द काय, माणूस रागाच्या भरात शंभर टाकतो.

तो रविवारी आला. केरबा धावत जाऊन मांडीवर बसला आणि बापानं तोंडाकडं बघितल्याबरोबर त्यानं आ केला. सयाजीला कळेना. मी सांगितलं, असं का करतो ते. त्यानं पोराचं तोंड हळूच मिटवलं आणि त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकून बसला. डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं, मी खोटं पाणी ओळखते.

अंजना माजघराच्या दारात येऊन उभी राहिली. लालासाहेब केरबाला उचलून मळ्याकडं घेऊन गेले.

"मास्तरांचा निरोप मिळाला का?" मी विचारलं.

"मिळाला, मामी."

"मग कळवलं का?"

तो बोटांच्या पिवळ्या नखांकडं बघत बसला. "मी बसलो होतो बदलायला. खरंच बसलो होतो. एक नाव घातलं, खोडलं. दुसरं घातलं. शेजारच्या पोरांची नावं घालून बघितली. मोठ्यानं वाचून बघितलं. मामी, दुसऱ्या कुठल्या नावानं ते पान उभंच राहत नाही. पडतं. मग सगळंच पडतं. सात वर्षं त्याच्यात गेली माझी."

"कोन म्हनतं पडतं? मास्तर?"

"मास्तर नाही. मला कळतं."

अंजना दारातनं म्हणाली, "दुसऱ्या नावानं तुमाला रडू यीत न्हाई. व्हय ना?"

त्यानं तिच्याकडं बघितलं. नाही म्हटलं असतं तरी मी त्या घटकेला ऐकून घेतलं असतं. खोटं तर खोटं. मास्तरांपुढं बोलला होता की, तसंच एक आमच्यापुढं बोलला असता. पण ह्या वेळेला त्याला खरंच सुचलं.

"व्हय," तो म्हणाला. आणि लगेच पुढं म्हणाला, "पण केरबाला काही होणार नाही, अंजना. हे सगळं नुसतं मानण्यावर आहे. तू शिकलेली आहेस. दुसरी आवृत्ती निघू दे, तिसऱ्यात बदलतो. तोवर मला काहीतरी सुचेल."

अंजना आत गेली. भांडं सरकवल्याचा आवाज झाला, पाणी ओतल्याचा झाला. ती पीठ मळायला बसली होती. तिनं एका माणसाच्या, सयाजीच्या, भाकरीचं पीठ कमी घेतलं, ते मला न बघता कळलं.

सयाजी माझ्याकडं वळला. सुनावणीला बसलेल्या माणसागत हात मांडीवर ठेवून बसला. मी लग्नात ह्याचे पाय धुतले होते. गावात ह्याच्या नावानं पेढे वाटले होते. आता उद्यापासनं गाव काय विचारणार तेही मला ठाऊक होतं, आणि अंजनाचं अजून केवढं आयुष्य उरलंय तेही. मी चष्मा पुसला आणि फडताळातलं पुस्तक काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"जावईबापू," मी म्हटलं, "तुमी लेखक चांगलं हायसा. कुनी न्हाई म्हटलं तर मी भांडीन त्याच्यासंगं. बाप म्हनूनबी वंगाळ न्हाई. पर एकाच नावाला दोन पोरं हायती तुमची, आन् तुमी कागदावरच्याला धरलाय. ह्ये घ्या, त्येला सांगलीला घेऊन जावा. माजी ल्येक आन् नातू हितंच ऱ्हातील. आन् ह्यो निकाल माजा हाय, तुमच्या मास्तरला दाखवून बदलून आनू नगा."